पेलूसा कशी बसलीय?

सेन्योरा एर्मेलिंदा साआवेद्रा कपडे दुरुस्त करतात. पँटची उंची कमी करणं, गणवेशाच्या बाह्या वाढवणं, जाकिटाची चेन बदलणं. चिलीतल्या लिमाचे या गावात, स्टेशनच्या मागे त्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल, दोऱ्यांचे डबे. यंत्रापासून सगळ्यात लांबच्या भिंतीला एक फळी. फळीवर काचेची पेटी. पेटीत पेलूसा.

पेलूसा ही केसाळ कोळ्याची मादी. पाय पसरले की माझ्या तळहाताएवढी होते. आमच्याकडे या कोळ्यांना पिल्लू म्हणतात, कारण अंगावर कोंबडीच्या पिल्लासारखी लव असते. उन्हाळा संपताना डोंगरावरचे नर माद्या शोधत रस्त्यावर उतरतात. बसवाले बस थांबवतात आणि त्यांना जाऊ देतात. त्यामुळे कोळी पाळणं आमच्या गावात कुणाला विचित्र वाटत नाही. विचित्र वाटतं ते एवढंच, की तो दिवसचे दिवस हलत नाही. मग एके सकाळी तो भलत्याच पद्धतीनं बसलेला दिसतो आणि माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस सेन्योरा एर्मेंकडे येतो; एर्मेलिंदा असं पूर्ण नाव कुणी घेत नाही.

मी वाल्पाराइसोला साहित्याची पदवी घेतली. चंद्राच्या प्रतिमेवर शंभर पानं लिहिली. मग आईवडिलांकडे परत आले, कारण चंद्राच्या प्रतिमेची कुणाला गरज नव्हती. सेन्योरा एर्मेंना मात्र सुईत दोरा ओवून द्यायला कुणीतरी हवं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"पदवीधर पोरगी सुईत दोरा ओवतेय," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. "देश पुढं चाललाय म्हणतात ते खोटं नाही."

मला त्या पंडितबाई म्हणत. माझं नाव नोएमी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षभरात मी लोकांना रांगेत उभं राहिलेलं पाहिलं. एका हातात उसवलेली पँट, दुसऱ्या हातात आइस्क्रीमचा डबा. डब्यात कोळी.

एक बसचालक आला. त्याचा कोळी डब्यात टाचा उचलून उभा होता. आठही पायांच्या टोकांवर, पोट जमिनीपासून वर.

"नाचतोय सेन्योरा," तो म्हणाला.

"नाचत नाहीये. पाय भिजू नयेत म्हणून उभाय. पाणी किती शिंपडतोस?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"तो काय पुदिना आहे? माती बदल. कोरडी घाल. पाणी वाटीत ठेव, तहान लागली की तो जाईल."

बेकरीतली बाई आली. तिच्याकडची मादी पुढचे पाय वर करून मागं रेलली होती. "प्रार्थना करतेय का हो?" बाईनं विचारलं. "तुला शिव्या घालतेय," सेन्योरा एर्मे म्हणाल्या. "आत हात घालू नकोस. घालू दे तिला शिव्या. तुझी सासू घालते तेव्हा तू मध्ये बोलतेस का?"

कोळी भिंतीला चिकटून राहिला, तर जमीन नवी आहे, सवय होऊ दे. पाय तोंडावर ओढून घेतले, तर उजेड किंवा गोंगाट नकोय. उताणा पडला, तर हात लावू नका. मेला नाही. कात टाकतोय. कोळी पाठीवर झोपूनच कात टाकतो. त्या वेळी जो त्याला सरळ करायला जाईल, तो त्याला मारील. ही गोष्ट त्या प्रत्येकाला सांगत, न विचारता, पँटचे सुटे पैसे परत करताना सांगावी तशी.

आणि आठही पाय पोटाखाली मुडपले असतील, मुठीसारखे, तर मात्र वाईट. कोळी मरताना तसा बसतो. तहानेनं असेल तर अजून वेळ असतो. एका मुलीच्या कोळ्याला त्यांनी बरणीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात तोंड टेकवून ठेवलं होतं. दोन दिवसांनी तो चालायला लागला.

नजर आणखी अधू झाल्यावर ही कामं माझ्याकडे आली. म्हणजे मी बघायचं आणि त्यांनी सांगायचं. माझं बघणं त्यांना पसंत नव्हतं.

"पेलूसा कशी बसलीय?"

"शांत आहे. कसल्या तरी विचारात असल्यासारखी."

"पाय कुठं आहेत?"

"एखाद्या जुन्या राणीसारखे—"

"पंडितबाई, कशासारखं ते नको. कुठं काय आहे ते सांग. पुढचा उजवा कुठं?"

"वाटीच्या काठावर."

"हां. आता बोललीस."

पेलूसाबद्दल हे रोज का विचारायचं, ते मला पुढं कळलं. पेलूसा त्यांची नव्हती. त्यांची मुलगी इदालिया नऊ वर्षांची असताना शेजारणीनं ती तिला दिली होती, बोटाच्या पेराएवढी. इदालिया एकोणीसची झाली आणि दाविद नावाच्या एका मासेमाराबरोबर पुंता आरेनासला निघून गेली. देशाच्या दुसऱ्या टोकाला. जाताना भांडण झालं. सेन्योरा एर्मेंनी त्या मुलाला कुचकामी म्हटलं. तो कुचकामी निघाला नाही. हे मान्य करणारं वाक्य त्यांना कधी जमलं नाही. मुलीलाही ते मागणं जमलं नाही.

पण दर रविवारी चार वाजता फोन येई. इदालिया विचारी, "पेलूसा कशी बसलीय?" आई सांगे. पाय कुठं, पोट केवढं, शेवटचं कधी खाल्लं. मग "बरं" आणि "बरं". तीन-चार मिनिटं. सेन्योरा एर्मे उभ्यानंच बोलत, एक हात इस्त्रीच्या टेबलावर. तेरा वर्षं असे रविवार चालले होते. पेलूसानं कात टाकली की ती कात त्या डबीत घालून टपालानं मुलीला पाठवत. पत्र नाही. फक्त कात.

"पेलूसा गेली तर?" एकदा मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांनी यंत्र थांबवलं. "तर इदालियानं फोन कशाला करायचा?" त्या म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

सप्टेंबरात त्यांना उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. डावा नंतर. सोमवारी त्या किल्पुए गावी भाचीकडे गेल्या. बुधवारी ऑपरेशन, शनिवारी परत. घराची किल्ली माझ्याकडे.

"पाणी बदलायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. उताणी दिसली तर लांब राहायचं. पाय पोटाखाली दिसले तर मला फोन."

"आणि इदालियाला ऑपरेशनचं सांगू?"

"तिला काय करायचंय? तिला पेलूसाशी काम आहे."

सोमवारी पेलूसा नेहमीच्या जागी होती. मंगळवारीही. बुधवारी मी गेले नाही. विन्या शहरात एका शाळेत माझी मुलाखत होती. त्यांनी मला घेतलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला गेले. पेलूसा पाण्याच्या वाटीपाशी पडली होती. पाय पोटाखाली मुडपलेले. मी पाय मोजले. आठ.

मी पेन्सिलीनं हळूच ढोसलं. ती सरकली. सगळीच्या सगळी, एकदम. पाठीवरचा टणक भाग झाकणासारखा उघडला होता आणि आत काही नव्हतं. मुंग्या, मला वाटलं. एका दिवसात मुंग्यांनी आतून खाल्ली. मी नव्हते त्या एका दिवसात.

मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. भाचीनं बुधवारी संध्याकाळी निरोप दिला होता: ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, रडायचं नाही. मी शिवणयंत्राच्या खुर्चीवर बसले. कसं सांगायचं याचा विचार केला. माझ्याकडे शंभर पानांचे शब्द होते. एकही चालणार नव्हता.

तेवढ्यात शेजारचे माएस्त्रो निबाल्दो दुरुस्तीला टाकलेली पँट मागायला आले. ते फरशा बसवतात. आमच्याकडे हातानं काम करणाऱ्या प्रत्येकाला माएस्त्रो म्हणतात, मग फरशी वाकडी का बसेना.

त्यांनी टोपी काढली.

"बिचारी. चांगली बाई होती," ते म्हणाले. "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"सेन्योरा एर्मेंना काय सांगू?"

"आधी पुरून टाकू. त्यांनी येऊन हे बघायला नको. आई गेली तेव्हा मला बघवलं नव्हतं."

मी दोऱ्याचा एक डबा रिकामा केला. पेलूसाला पेन्सिलीनं त्यात घेतलं. मागच्या अंगणात लिंबाखाली माएस्त्रोंनी थापीनं खड्डा केला, अगदी काटकोनात. त्यांनी छातीवर क्रूस काढला. मीही काढला. मी काही बोलावं असं त्यांना वाटत होतं. मी डबा खड्ड्यात ठेवला.

"आता ती पेटी," ते म्हणाले. "ती मी नेतो. उकळतं पाणी ओतून स्वच्छ करतो. मुंग्यांची अंडी राहिली असतील. मग टोमॅटोची रोपं लावू आत. सेन्योरा परत आल्या की रिकामी फळी दिसायला नको, हिरवं काहीतरी दिसेल."

मला ते चांगलं वाटलं. खरंच चांगलं वाटलं. माती, पाण्याची वाटी आणि अर्धी फुटलेली कुंडी यांच्यासकट ती पेटी आम्ही दोघांनी उचलून त्यांच्या अंगणात भिंतीच्या कट्ट्यावर ठेवली. ऊन तिथं नुकतंच पोचत होतं. ती अर्धी कुंडी पेलूसानं आत शिरून बसावं म्हणून ठेवलेली होती. ती त्यात कधीच बसत नसे. मी तरी कधी पाहिली नव्हती.

मी परत आले. साडेदहाला फोन वाजला.

"पंडितबाई! एका डोळ्यावर पट्टी आहे आणि भाची मला बाळासारखं सूप पाजतेय. पेलूसा कशी बसलीय?"

मी रिकाम्या फळीकडे बघितलं.

"नोएमी?"

त्यांनी नावानं हाक मारली, म्हणून मी बोलले. "सेन्योरा एर्मे, ती गेली. माझ्यामुळं. मी काल आलेच नाही. तुम्ही रडू नका, डॉक्टरांनी सांगितलंय."

पलीकडे कुठंतरी रेडिओ चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"पाय कुठं होते?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"पोटाखाली. आठही."

"हात लावलास?"

"पेन्सिल लावली."

"जड लागली का?"

"अजिबात नाही. काही उरलंच नव्हतं हो. जणू तिच्यातून सगळं—"

"जणू नको!" त्या ओरडल्या. "वजन सांग. किती?"

"काहीच नाही. कांद्याच्या सालाएवढं."

"पाठीवरचं झाकण?"

"उघडलेलं. मुंग्यांनी—"

"कुठल्या मुंग्या? एक तरी मुंगी दिसली तुला?"

मी आठवून पाहिलं. एकही नाही.

"मेलेला कोळी जड असतो, पोरी. आत सगळं तसंच असतं. हलकी असते ती कात." त्यांनी श्वास घेतला. "तीन वर्षांनी टाकली. मला दिसलं नाही. कात टाकायच्या आधी पोटावरचं टक्कल काळं पडतं, तसं पडलं असणार, आणि मला दिसलं नाही. ती आहे आत. कुठंतरी पडलीय. कुंडीखाली बघितलंस?"

"नाही."

"मग बघ की! पेटी समोर आहे ना?"

मी फोन घेऊन पळत सुटले.

"पेटी कुठाय, नोएमी?"

"माएस्त्रोंकडे."

"कशाला?"

"उकळतं पाणी ओतायला."

फोनमधून जे आलं ते मी इथं लिहीत नाही. भाची मागून "आत्या, डोळा! आत्या, डोळा!" करत होती.

दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण आहे. माझा स्वेटर तिथं फाटला. माएस्त्रो निबाल्दो अंगणात स्टुलावर बसले होते, हातात किटली. किटलीतून वाफ येत नव्हती.

"ओतलं?"

"कुठलं ओततोय? गॅस संपला ऐन वेळी," ते वैतागून म्हणाले. "गॅसवाल्याची गाडी येते तेव्हा दहादा येते, हवी असली की—"

मी तिथंच खाली बसले. मग उठले. ऊन पेटीच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. कुंडी सावलीत होती. मी दोन बोटांनी कुंडी उचलली.

"बोल," फोन म्हणाला.

नंतर माएस्त्रो म्हणाले की माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

"पांढऱ्या जाळ्याची चटई आहे," मी म्हटलं. "तिच्यावर ती आहे. पोट खाली. उताणी नाही. आठ पाय. आठही बाहेर पसरलेले. मुडपलेला एकही नाही."

"हलतेय?"

"पुढचा डावा उचलला. ठेवला. आता पुढून थोडी वर झाली."

"सुळे दिसतायत?"

"हो."

"रंग?"

"पांढरे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सेन्योरा एर्मे, रडायचं नाहीये."

"कोण रडतंय? औषध घातलंय डोळ्यात." पुन्हा नाक ओढलं. "सुळे पांढरे म्हणजे कालच टाकलीय, आणि कात कुंडीबाहेर ढकलून दिलीय. आत्ता ती लोण्याएवढी मऊ आहे. कुंडी ठेव जागेवर. सावकाश. पेटी सावलीत न्या. आपटू नका. दहा दिवस खायला काही नाही, रातकिडा तर नाहीच, तोच तिला चावून खाईल. आणि त्या निबाल्दोला फोन दे."

माएस्त्रोंनी फोन घेतला. बराच वेळ ते फक्त "हो सेन्योरा" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "पण खड्डा मी अगदी मापात काढला होता."

पेटी परत नेताना त्यांनी बूट काढून ठेवले, पाऊल वाजू नये म्हणून. आम्ही दोघं फाटकातून रस्त्यावर आलो आणि बारा पावलं चाललो. बेकरीतली बाई दारात उभी होती. तिनं आम्हाला पाहून क्रूस काढला. "जिवंत आहे!" माएस्त्रो कुजबुजले. "मग असे चालता काय?" ती म्हणाली.

फळीवर पेटी ठेवल्यावर मी पुन्हा खुर्चीवर बसले. मी हसत होते. मुलाखत, नोकरी, सगळं मला त्या वेळी फार किरकोळ वाटलं. लिंबाखालचा डबा मी दुपारी उकरून काढला. कात जशीच्या तशी होती, फक्त एका पायाचं टोक तुटलं होतं.

शनिवारी सेन्योरा एर्मे आल्या. पट्टी निघाली होती, मोठा काळा चष्मा लावला होता. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या फळीपाशी गेल्या. पेलूसा कुंडीच्या तोंडाशी आली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं बघितलं. वाकल्या नाहीत. मी पेटी उचलून त्यांच्या डोळ्यांपर्यंत धरली. माझे हात भरून आले तरी त्या बघत राहिल्या.

"नोएमी, ही गुलाबी आहे," त्या म्हणाल्या. "मी समजत होते म्हातारी झाली म्हणून करडी पडली."

मग त्यांनी कात मागितली. ओल्या कापडात तासभर ठेवून ती मऊ केली आणि बुचाच्या तुकड्यावर टाचण्यांनी एकेक पाय पसरला. टाचण्या त्यांनी स्वतः उचलल्या. तुटलेलं टोक सरसानं चिकटवायला मला सांगितलं. "एवढं तरी कर. पुरलीस तूच."

रविवारी मी तिथं होते. पाव, कुस्करलेला अवोकाडो आणि चहा टेबलावर होता. चारला फोन वाजला. सेन्योरा एर्मे इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. इदालियाचा आवाज मोठा आहे, खोलीभर ऐकू येतो.

"पेलूसा कशी बसलीय?"

"कात टाकली. बुधवारी. कुंडीत. आठही पाय ठीक आहेत. पोट लहान झालंय. सुळे आता लाल. पुढचा डावा वाटीवर. पाठ गुलाबी, तांब्याच्या भांड्यासारखी चकाकतेय."

मी मान वर केली. त्या 'सारखी' म्हणाल्या होत्या.

पलीकडे इदालियानं "बरं" म्हटलं नाही.

"आई," ती म्हणाली, "तीन वर्षांत तू मला तिचा रंग सांगितला नाहीस."

सेन्योरा एर्मेंनी टेबलावरची इस्त्री बाजूला सरकवली.

"पाय सांगायचीस. पोट सांगायचीस. रंग नाही. मी इथं दर रविवारी वाट बघायचे, आज सांगेल म्हणून. दाविदला म्हटलंसुद्धा, आईला दिसत नाहीये. तो म्हणाला विचार की. मी कशी विचारणार होते? आज कसा दिसला तुला?"

"ऑपरेशन झालं," सेन्योरा एर्मे म्हणाल्या. "एका डोळ्याचं."

"कधी?"

"बुधवारीच."

"आणि बरोबर कोण होतं?"

"तुझी मामेबहीण. सूप पाजून पाजून मारलं मला." मग त्या थांबल्या. फोन दुसऱ्या कानाला लावला. "दाविद विचार म्हणाला होता?"

"हो."

"शहाणा आहे पोरगा," त्या म्हणाल्या. "तेव्हाही असेल. मला दिसलं नव्हतं."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. त्यांनी मोकळ्या हातानं यंत्रापुढची खुर्ची ओढली आणि बसल्या. पाय स्टुलावर घेतले. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दुसरा डोळा कधी आहे?" इदालियानं विचारलं. "मी येऊ का? आम्ही येऊ का?"

मी माझा कप उचलून मागच्या अंगणात गेले. लिंबाखालचा खड्डा अजून उघडा होता. मी पायानं माती लोटून तो बुजवला. पाच वाजता परत आत डोकावले. त्यांचा चहा टेबलावर निवून गेला होता, पावाला कुणी हात लावला नव्हता, आणि त्या अजून बोलत होत्या.